बोट बाळगणाऱ्यांनी हिवाळा बघून गाव निवडावं का?

तळ्याकाठचा

नमस्कार मंडळी, इथे बोट बाळगणारे मराठी लोक किती आहेत माहीत नाही पण विचारतोच. आम्ही डेट्रॉइटच्या वायव्येला नोव्हायजवळ राहतो. एकवीस फुटी बोट आहे, स्टर्नड्राइव्ह, म्हणजे इंजिन आत आणि पंखा मागे बाहेर. मेमोरियल डेच्या (मे अखेर) आसपास पाण्यात जाते, ऑक्टोबरमध्ये बाहेर निघते आणि मग वसंत येईपर्यंत घराशेजारी पांढऱ्या श्रिंकरॅपमध्ये (गरम करून आवळलेलं प्लास्टिक) गुंडाळून पडलेली असते. आता बायकोचं काम कायमचं घरून झालंय, लेक कॉलेजला गेली, मी ऑफिसात विचारलं तर तेही कुठूनही काम कर म्हणाले. राहायचं कुठे हे पहिल्यांदाच आमच्या हातात आलंय आणि दोघांनाही पाण्याचं वेड, त्यामुळे हिवाळा बघूनच गाव ठरवायचं असं घरात चाललंय. यादीत सध्या टँपा, सिअ‍ॅटल आणि शार्लटजवळचं लेक नॉर्मन.

जे बोटीसाठी हलले किंवा विचार करून हललेच नाहीत अशांनी कृपया लिहा. फ्लोरिडात बारा महिने बोटिंग वगैरे जाहिरातीत वाचलंय. तुम्ही खरोखर जास्त वेळा पाण्यात जाता का, एवढं सांगा.

सोनचाफा

आम्ही शिकागोहून टँपाला आलो ते बोटीसाठीच, त्यामुळे लिहिणं भाग आहे. शिकागोत लेकवरची हार्बरं मे ते ऑक्टोबर चालू असतात, नंतर सगळ्यांनी बाहेर. ऑक्टोबरात डाउनटाउनमधले नदीवरचे पूल एकेक करून वर उचलतात आणि शिडाच्या बोटी रांगेने आत यार्डाकडे जातात. बघणारे फोटो काढतात पण आपली बोट त्या रांगेत असली की पोटात कालवतं.

आता टँपा. नोव्हेंबर ते एप्रिल खरंच सुंदर. थंडीत दर आठवड्या-दहा दिवसांनी कोल्ड फ्रंट येतो, उत्तरेचा वारा सुटतो, बे खवळते, दोन दिवस घरात बसायचं की परत लखलखीत ऊन. पण जून ते सप्टेंबर कोणी सांगत नाही. दुपारी दोन-तीनला रोज ढग भरून येतात, विजा, आणि उघड्या पाण्यावर विजेसारखं भय नाही, म्हणून पहाटे निघून अकराला परत. त्यात १ जून ते ३० नोव्हेंबर हरिकेन सीझन. २०२४ मध्ये हेलीन आणि मिल्टन दोन आठवड्यांच्या अंतराने आली तेव्हा आमच्या ओळखीतल्या कित्येकांच्या बोटी गेल्या, कोणाची डॉकवर चढली, कोणाची शेजाऱ्याच्या मागच्या अंगणात सापडली. विमा कंपनी लेखी हरिकेन प्लॅन मागते, वादळ आलं तर बोट कुठे नेणार, कोण नेणार. तिकडे विम्याचा हप्ता भरून विसरून जायचो, इथे विम्याचं कोटेशन हातात आल्याशिवाय बोट घ्यायचीच नाही.

तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर, हो, जास्त वेळा जातो. पण बारा महिने नाही, आमचा बंद काळ फक्त उन्हाळ्यात सरकला.

वल्हेकर

सिअ‍ॅटलबद्दल सविस्तर रात्री लिहितो, आत्ता मीटिंगला चाललोय. तोपर्यंत एक प्रश्न, तुमची बोट उघडी आहे का केबिनवाली? यावर सगळं अवलंबून आहे.

तळ्याकाठचा

उघडी बोरायडर, पुढे बसायला जागा, वर फक्त बिमिनी, म्हणजे कापडी छत.

सोनचाफा, खूप आभार. हे विम्याचं डोक्यातच नव्हतं.

हिमगौरी

मिनेसोटातून उलट बाजू मांडते, आणि मनापासून मांडते, कारण उत्तरेत बोट ठेवणं म्हणजे मूर्खपणा असा सूर नेहमी निघतो आणि मला तो अजिबात पटत नाही.

नोंदणी झालेल्या बोटींमध्ये फ्लोरिडा पहिला, दहा लाखांच्या घरात. त्याच्या खालोखाल कोण तर मिशिगन आणि मिनेसोटा, आठ लाखांच्या आसपास. मिनेसोटाची लोकसंख्या सत्तावन्न-अठ्ठावन्न लाख आहे, म्हणजे साधारण सात माणसांमागे एक बोट. जिथे चार-पाच महिने तळी गोठलेली असतात आणि भर हिवाळ्यात त्यावरून पिकअप ट्रक चालवता येतो तिथे हे प्रमाण आहे. का? कारण पाणी दाराशी आहे. दहा एकरांहून मोठी ११,८४२ तळी या राज्यात आहेत. जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो, मी साडेपाचला लॅपटॉप मिटते आणि सहाला पाण्यात असते. लेक मिनेटोंकावर मंगळवारी संध्याकाळी जाऊन बघा, कामाच्या दिवशी किती लोक पाण्यात असतात.

माझ्या मते किती महिने पाणी मोकळं हे कमी महत्त्वाचं, घरापासून रॅम्प (बोट पाण्यात उतरवायचा उतार) किती मिनिटांवर हे जास्त. पाऊण तास ट्रेलर ओढत जायचं असेल तर कॅलिफोर्नियातली बोटसुद्धा गॅरेजमध्येच राहते. आणि सीझन छोटा असला की माणूस शनिवार वाया घालवत नाही. आमच्याकडे "पुढच्या आठवड्यात बघू" असं कोणी म्हणतच नाही.

आणि पाणी गोडं. मिठाने इंजिन खाल्लं, ट्रेलरचे ब्रेक गंजले, बुडाला बार्नकल (शिंपल्यासारखे चिकटणारे जीव) धरले, असलं काही नाही. जुन्या बोटींच्या जाहिरातीत "फक्त गोड्या पाण्यात वापरलेली" हे वाक्य किंमत वाढवतं. क्रिस क्राफ्टच्या शंभर वर्षांच्या जवळ आलेल्या लाकडी बोटी मिशिगनमध्ये आजही चालतात, त्या कशामुळे टिकल्या? वर्षातला अर्धा काळ कोरड्या शेडमध्ये आणि उरलेला गोड्या पाण्यात.

नांगर_आणि_शीड

हिमगौरी, पोस्ट आवडली पण एक दुरुस्ती. मिनेसोटात दहा फुटांपेक्षा लांब कनू आणि कायाकचीही नोंदणी करावी लागते, फ्लोरिडात साध्या वल्ह्याच्या बोटीला लागत नाही. त्यामुळे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करता येणार नाही.

हिमगौरी

बरोबर आहे, ती भर त्यात आहे. तरी मोटरवाल्याच धरल्या तरी दर माणशी आम्ही फ्लोरिडाच्या पुढे निघू असं मला वाटतं. दाराशी पाणी हा मुद्दा तसाच राहतो.

टेक्सासकर

शार्लटचा विचार चाललाय म्हणून हे मुद्दाम लिहितोय. माझी बोट डॅलसजवळच्या तळ्यात असते. धोका कडक थंडीच्या गावात नसतो, धोका माफक थंडीच्या गावात असतो. मिशिगनमध्ये प्रत्येकाला माहीत असतं की ऑक्टोबरात इंजिन रिकामं करायचं. आमच्याकडे निम्मे लोक ते करतच नाहीत कारण जानेवारीतही एखादा रविवार छान निघतो. इंजिनखोलीत छोटा हीटर लावला की झालं असा सगळ्यांचा हिशेब. फेब्रुवारी २०२१ ला तो हिशेब कोसळला. कित्येक दिवस पारा शून्याखाली आणि त्यात वीज गेली, म्हणजे हीटरही बंद. पाण्याचा बर्फ होताना ते नऊ टक्के फुगतं आणि ओतीव लोखंडाला ते सहन होत नाही. आमच्या मरिनात त्या वसंतात ओळीने इंजिनं बाहेर काढून ठेवली होती, ब्लॉकला उभ्या चिरा गेलेल्या. कित्येकांच्या पॉलिसीत गोठण्याचं नुकसान धरलेलंच नव्हतं, ते वेगळं कलम घ्यावं लागतं.

तेव्हा दक्षिणेत जायचं तर आउटबोर्ड घ्या, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर टांगलेलं इंजिन. खाली सरळ उभी केली की आतलं पाणी आपोआप निथळून जातं. स्टर्नड्राइव्हला तसं होत नाही.

तळ्याकाठचा

हे सोन्यासारखं सांगितलंत. इंजिन रिकामं करायचं काम मी स्वतःच करतो आणि त्यात नुसता प्लग काढून भागत नाही हे नव्याने करणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो. ब्लॉकच्या दोन्ही बाजूंचे आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे ड्रेन प्लग काढायचे. पितळी प्लग हातात आला की तांबूस पाण्याची धार लागते, आणि कधीकधी लागतच नाही, दोन-चार थेंब येऊन थांबतं. नवखा माणूस समजतो की इंजिन रिकामं झालं. प्रत्यक्षात आतल्या गंजाच्या खपल्या आणि गाळ भोकाशी येऊन बसलेला असतो. एक जाड तार घ्यायची, भोकात घालून ढोसायची, भसकन पाणी येतं, बोटं बधिर होतात, धार परत मंदावली की परत ढोसायचं. सगळं निथळल्यावरच गुलाबी अँटिफ्रीझ भरायचं, गाडीतलं हिरवं नाही, ते विषारी असतं आणि वसंतात तळ्यात जातं. इंधनाची टाकी भरून त्यात स्टॅबिलायझर, बॅटरी काढून घरात.

मला हे काम नकोसं नाही, खरं सांगायचं तर आवडतं. जीव जातो तो नोव्हेंबर ते एप्रिलच्या रिकामेपणाने.

वल्हेकर

आता सिअ‍ॅटल.

प्युजेट साउंड, म्हणजे सिअ‍ॅटलला लागून असलेली समुद्राची खाडी, गोठत नाही. बोट बारा महिने स्लिपमध्येच (मरिनातली पाण्यातली भाड्याची जागा), बाहेर काढायची ती बुडाला रंग द्यायला. हिवाळ्यात पाणी आठ-नऊ अंशांवर असतं आणि उन्हाळ्यातही फारसं वाढत नाही. डिसेंबरात सव्वाचार-साडेचारला अंधार. पाऊस मुंबईसारखा कोसळत नाही, आठवडाभर नुसती भुरभुर, आणि मधूनच दक्षिणेकडून वादळी वारा. अशात उघडी बोरायडर घेऊन तुम्ही ऑक्टोबर ते एप्रिल जाणार नाही हे मी आत्ताच सांगतो. म्हणजे मिशिगनइतकाच सीझन आणि वर वर्षभराचं स्लिपभाडं.

पण केबिनची बोट, आत डिझेल हीटर, वाफ पुसायला वायपर असलेली काच, असं असेल तर हिवाळा हाच इथला खरा सीझन म्हणणारे लोक आहेत आणि मी त्यातलाच. जुलैत जिथे नांगर टाकायला जागा मिळत नाही त्या बेटांच्या खाड्या जानेवारीत मोकळ्या. पाणी काचेसारखं, समोर बर्फाने भरलेला ऑलिंपिकचा डोंगर, आत कुकरची शिट्टी. बोटीतला ओलावा मात्र खरा शत्रू, डीह्युमिडिफायर सतत चालू नसेल तर गाद्यांना बुरशी धरते.

इथे गाव निवडताना लोक आणखी एक गोष्ट बघतात, गोड्या पाण्यात राहायचं का खाऱ्या. लेक युनियन आणि लेक वॉशिंग्टन साउंडपेक्षा वीसेक फूट उंच आहेत, मधे बॅलर्डची लॉक्स, म्हणजे पाण्याची पातळी वर-खाली करून बोटी पार करणारे दरवाजे, १९१७ पासूनची. तळ्यात बोट ठेवली तर बुड स्वच्छ राहतं पण समुद्रात जायला प्रत्येक वेळी लॉकच्या रांगेत उभं राहायचं. म्हणून रोज संध्याकाळी फेरी मारणारे तळ्याकाठी घर बघतात आणि लांब जाणारे साउंडच्या बाजूला.

सोनचाफा

वल्हेकर, थंड पाण्याबद्दल अजून लिहा ना प्लीज. आमच्याकडचे लोक उत्तरेत सुट्टीला जातात आणि ऊन बघून टीशर्टवर बोटीत बसतात.

वल्हेकर

हो, हे महत्त्वाचं. हवा बघून नाही, पाण्याचं तापमान बघून कपडे घालायचे. एप्रिल-मेमध्ये ग्रेट लेक्सवर बाहेर वीस अंश असतं आणि पाणी चार-पाचला. अशा पाण्यात पडलं की पहिल्या मिनिटात श्वासावरचा ताबा जातो, तोंडाने जोरात श्वास ओढला जातो आणि तेव्हा तोंड पाण्याखाली असलं तर संपलं. पोहता येणं त्या क्षणी कामाला येत नाही. लाइफ जॅकेट अंगात हवं, सीटखाली नाही.

रेवदंडेकर

धागा वाचतोय, छान माहिती. आमच्याकडे हीच गोष्ट पावसाळ्यात होते. १ जूनपासून यांत्रिक मासेमारीला बंदी, त्याआधीच होड्या वर ओढून शाकारून ठेवतात, पूर्वी माडाची झापं असायची आता निळी ताडपत्री. गेटवे-मांडव्याच्या लाँचही पावसाळ्यात बंद. मुंबईची शिडाच्या बोटींची मंडळीसुद्धा पावसाळा संपल्यावरच सुरू करतात आणि हिवाळा हा त्यांचा सगळ्यात चांगला काळ, दुपारनंतर वायव्येचा वारा ठरल्यासारखा येतो. पण कोकणातला माणूस बंदीच्या काळात गाव बदलायचा विचार करत नाही, तेव्हा जाळी विणतो, इंजिन उघडतो, रंग काढतो. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की सुरू.

स्टॉकहोमवासी

रेवदंडेकर, स्वीडनमध्ये हुबेहूब असंच चित्र दिसेल तुम्हाला. इथे बोटी प्रचंड आणि पाणी पाच महिने वापरता येतं. माझ्यासारख्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला खरा प्रश्न बोट हिवाळ्यात ठेवायची कुठे, अंगण कोणाकडे आहे. त्यासाठी बोट क्लब. ऑक्टोबरात क्लब एक दिवस क्रेन बोलावतो, सगळे सभासद हजर, एकेकाची बोट उचलून लाकडी टेकूंवर ठेवायची, वरून सांगाडा बांधून ताडपत्री. एप्रिल-मेमध्ये उलटं. शिवाय प्रत्येकाला आळीपाळीने रात्रीचा पहारा द्यावा लागतो, म्हणजे थर्मास घेऊन क्लबमध्ये बसायचं आणि फेऱ्या मारायच्या, कारण आउटबोर्ड चोरीला जातात. जागेसाठी क्लबांत वर्षानुवर्षांची वेटिंग लिस्ट असते. त्यामुळे लोक घर बघताना शाळा आणि मेट्रोच्या बरोबरीने बोट क्लब बघतात, आम्हीही तेच केलं, दुसरीकडे मोठा फ्लॅट मिळत होता तो सोडला. माझे स्वीडनमधले जवळचे मित्र सगळे त्या क्रेनच्या दिवसांत आणि पहाऱ्याच्या रात्रींत झाले, ऑफिसात एकही नाही.

तळ्याकाठचा

स्टॉकहोमवासी, हे वाचून खूप बरं वाटलं. आमच्याकडे प्रत्येक जण आपापल्या अंगणात एकटाच बोट गुंडाळतो.

हिमगौरी, तुमची पोस्ट बायकोला वाचून दाखवली, ती म्हणाली हेच तर मी सांगतेय. आमचं घर पाण्यापासून चाळीस मिनिटांवर आहे. मिशिगनमध्येच तळ्याकाठी घर घेतलं तर?

हिमगौरी

घ्याच! फक्त डॉकचा खर्च आणि मेहनत धरा. बर्फ वाऱ्याने काठाकडे सरकतो तेव्हा लोखंडी पाय वाकवून टाकतो, म्हणून डॉक आणि लिफ्ट दर शरदात बाहेर काढायला लागतात. चाकांचा डॉक घ्या, दोघांना ओढता येतो.

आणि रिकाम्या महिन्यांचं म्हणाल तर तुमच्याच डेट्रॉइटने आइसबोट दिलीय जगाला. डीएन म्हणतात तिला, डेट्रॉइट न्यूज या वर्तमानपत्राच्या हॉबी शॉपमध्ये १९३७ च्या सुमारास बनली म्हणून डीएन. बारा फुटी सांगाडा, खाली तीन पोलादी रनर, एक शीड, आणि वाऱ्याच्या कितीतरी पट वेगाने पळते. लेक सेंट क्लेअर उथळ आहे, लवकर गोठतं, तिथे या लोकांचा अड्डा असतो. मी मॅडिसनला असताना लेक मेंडोटावर एकदा बसले होते, चेहरा बधिर झाला आणि उतरावंसं वाटेना.

नांगर_आणि_शीड

पण आता त्या बर्फाचाही भरवसा नाही. मेंडोटाच्या बर्फाच्या नोंदी १८५० च्या दशकापासून आहेत आणि तेव्हाच्या मानाने आता तळं सरासरी महिनाभर कमी गोठलेलं राहतं. ग्रेट लेक्सवर १९७९ ला ९४.७ टक्के बर्फ होता, २०१४ ला ९० च्या वर, आणि २०२० ला २० टक्क्यांच्या आत. पुढची वीस वर्षं राहायचं घर घेताना हेही बघा. उत्तरेतला सीझन दोन्ही टोकांनी वाढतोय आणि फ्लोरिडातला विमाही.

मी स्वतः अ‍ॅनापोलिसजवळ राहतो आणि तुमच्या यादीत चेसापीक (इथली मोठी खाडी) नाही याचं नवल वाटतं. मार्च अखेर ते नोव्हेंबर बोट पाण्यात. बे पूर्ण गोठणं विरळा, फेब्रुवारी २०१५ ला खाड्या गोठल्या होत्या तेव्हा लोकांनी बोटीभोवती बबलर, म्हणजे हवेचे बुडबुडे सोडणारी यंत्रं, लावली. तळाशी वरच्यापेक्षा थोडं उबदार पाणी असतं, बबलर ते वर आणतो आणि बोटीभोवतीचा बर्फ वितळतो. ज्यांना अगदीच राहवत नाही ते छोट्या बोटींच्या फ्रॉस्टबाइट शर्यती करतात भर थंडीत. ऑक्टोबरचा बोट शो झाला की उत्तरेकडून आलेल्या शिडाच्या बोटी इथून नॉरफोकला आणि तिथून इंट्राकोस्टल वॉटरवेने (किनाऱ्यालगतचा आतला जलमार्ग) दक्षिणेला निघतात. घर न बदलता हिवाळा चुकवणारे असेही आहेत, बोटच घर.

नॉर्मनकाठी

उशिरा आलो, शार्लटवाला मी. लेक नॉर्मन गोठत नाही, माझी पाँटून (पोकळ नळ्यांवर तरंगणारी सपाट बोट) वर्षभर लिफ्टवर असते. जानेवारीत दुपारी पंधरा अंश मिळतात कित्येकदा, जाकीट घालून तासभर फिरून येतो. पण टेक्सासकरांचं शंभर टक्के खरं, रात्री शून्याखाली जातं, इंजिन रिकामं करावंच लागतं, आणि छान दिवस निघाला की परत भरायचं, परत रिकामं. म्हणून मीही आउटबोर्ड घेतली. काठावरच्या घरांच्या किमती खूप चढल्यात. आणि घर बघताना डॉकची परवानगी कागदावर आहे का ते आधी विचारा, तळं ड्यूक एनर्जीचं आहे आणि प्रत्येक काठाला डॉक मिळत नाही. एजंट "होऊन जाईल" म्हणतात, त्यावर जाऊ नका. उन्हाळ्यात शनिवारी गर्दी इतकी की आम्ही जातच नाही, आठवड्यातल्या संध्याकाळी जातो.

तुम्हाला यायचं तर जुलैत येऊ नका, जानेवारी अखेर या.

तळ्याकाठचा

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं नेमकं कुठेच मिळालं नसतं. घरी बोलणं झालं. टँपा यादीतून काढलं, विम्यामुळे. सिअ‍ॅटलही काढलं, बोट बदलायची तयारी नाही आणि आम्हाला पोहायला कोमट पाणी हवं. राहिले दोन, लेक नॉर्मन आणि इथेच तळ्याकाठी, लेक ओरियनच्या बाजूला. चेसापीक बायकोने नव्याने घातलंय, तिची मावसबहीण बाल्टिमोरला असते.

नॉर्मनकाठी, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही दोघं येतोय. तुम्ही वापरता तो रॅम्प आणि एकदोन मरिना दाखवाल का? हिमगौरी, चाकांच्या डॉकची लांबी पाण्याची खोली बघून कशी ठरवायची तेही सांगा, ओरियनला एक घर बघितलंय त्याचा काठ फार उथळ वाटला.

हिमगौरी

आधी तुमच्या बोटीला किती पाणी लागतं ते मोजा, पंखा पूर्ण खाली असताना. स्टर्नड्राइव्हला तीन फूट धरा आणि ऑगस्टमध्ये तळ्याची पातळी उतरते त्यासाठी वर एक फूट. काठापासून वेडर (पाण्यात उतरायचा छातीपर्यंतचा वॉटरप्रूफ पायजमा) घालून काठी घेऊन आत चालत जा, चार फूट खोली जिथे लागेल तिथवर डॉक पोचला पाहिजे. आणि तळाशी चिखल आहे का वाळू तेही त्याच फेरीत बघून घ्या, चिखल असेल तर चाकं रुततात, मग रोल-इन डॉक चालणार नाही, सुट्या तुकड्यांचा घ्यावा लागेल.